देलीच्या घराचं जोतं

बारा दो काम्बुई गावात कुणाला ‘आज किती मिळालं?’ असं विचारू नये. विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘कुठलं काय, कालवणापुरतं.’ टोपली ओसंडत असली तरी कालवणापुरतं आणि माशांच्या वजनानं होडी कलली असली तरी कालवणापुरतंच. खरा आकडा तोंडातून निघाला की दृष्ट लागते आणि दृष्ट लागलेली खाडी सात भरत्या रिकामी जाते, हे इथल्या पोरांना नीट चालता येण्याआधी कळतं. दोना देली, म्हणजे देलीबाई, तर या बाबतीत अख्ख्या गावाची गुरू. दृष्ट लागू नये म्हणून कानामागं सतापाची काडी खोचल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नसे. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिनं खरा आकडा कुणाला सांगितला नव्हता, अगदी कबुलीजबाबाला बसल्यावर पाद्रीबाबालाही नाही.

तिचं पूर्ण नाव वाल्देलिसी, पण ते फक्त मतदारयादीत. बुटकी, काळी, पसरट पावलांची बाई. तिसऱ्या काढणं हा तिचा धंदा, आणि तो ती पायांनी करायची. ओहोटीच्या चिखलात उभी राहून अंगठ्यानं चाचपायची. कुठं नुसते खडे आहेत, कुठं रिकामी शिंपली आहे, कुठं जिवंत तिसरी तोंड मिटून बसली आहे, हे तिला खाली न वाकता कळायचं. मग वाकून जुन्या चमच्यानं उकरायची. घरी आणून चुलीवर मोठ्या पातेल्यात उकडायची आणि उघडलेल्या शिंपल्यांतून मांस वेचून पुड्या बांधायची.

काम्बुई खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या दाट रांगेमागं, वाळूचा एक उंचवटा आहे. तो महिन्यातून दोनदाच, उधाणाच्या मोठ्या ओहोटीला, पाण्याबाहेर येतो. देलीच्या आईनं तो शोधला. माय-लेकी त्याला ‘आईचं परसदार’ म्हणत, तेही घरात आणि हळू आवाजात. तिथल्या तिसऱ्या सुपारीएवढ्या टपोऱ्या, आणि कितीही काढा, पुढच्या उधाणाला तेवढ्याच. देली तिथं जाताना मुद्दाम उलट्या दिशेनं निघायची, भोवताली पाऊण तास भटकायची आणि मग तिवरांत शिरायची. मांसाच्या पुड्या कपड्यांच्या गाठोड्याखाली दडवून बसनं पलीकडच्या गावच्या बाजारात न्यायची. गाव म्हणायचं, देली काय, लोकांची धुणी धुते बिचारी.

राहिले शिंपले. बाकीच्या बायका आपापले शिंपले घरामागं फेकत, ढीग वाढत जाई आणि ढिगावरून शेजारीण हिशेब लावी. देलीच्या आईचं म्हणणं होतं, ‘माणूस एक वेळ गप्प बसेल, शिंपला चुगली केल्याशिवाय राहत नाही.’ म्हणून मायलेकींचे शिंपले घरातच गाडले जायचे. स्वयंपाकघरापासून चारही खोल्यांत जमीन वरवर खरवडायची, शिंपले ओतायचे, धुमसायचे, वरून सिमेंटचा पातळ थर द्यायचा. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेच. घर असं बोटाबोटानं वर चढत गेलं. शेवटी शेजारच्या घरांना एक पायरी आणि देलीच्या घराला चार. चौकट तेवढीच राहिल्यानं दारातून शिरताना पाहुण्याचं डोकं आपटायचं. लोक हसायचे, ‘दोना देलीनं पुराची धास्तीच घेतलीय!’ देलीही हसायची.

मग गॅसवरच्या वीज प्रकल्पाची बातमी आली. समुद्रातून जहाजानं गॅस येणार, बंदराच्या रस्त्यालगत कारखाना होणार, वीज थेट राजधानीला जाणार. गावातल्या निम्म्या घरांना नोकरीची स्वप्नं पडू लागली. देलीला त्यातलं काही नको होतं, पण तिचा विरोधही नव्हता. वीज तिच्याही घरात जळत होती. परवानगीआधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास व्हायचा होता, आणि त्यासाठी तालिता नावाची एक पोरगी आली. जीवशास्त्र शिकलेली, उन्हानं नाक सोललेली. हातात फळी आणि फळीवर छापील प्रश्न.

‘‘दोना देली, आठवड्याला साधारण किती किलो तिसऱ्या मिळतात?’’

‘‘कुठलं काय, पोरी. कालवणापुरत्या.’’

‘‘म्हणजे दोन किलो?’’

‘‘लिही दोन. कधी तेवढ्याही नसतात.’’

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण खाडीतली माती आणि जीव तपासायला तालिताला वाटाड्या हवा होता, आणि खाडी देलीइतकी कुणाला ठाऊक नव्हती. तीन दिवस देली होडीच्या नाळेवर बसून बोटानं दिशा दाखवत होती. तिवरांची ती रांग आली तेव्हा तालितानं विचारलं, ‘‘यामागं काय आहे?’’

‘‘गाळ. होडी रुतेल आणि आपण रात्रभर डास मारत बसू.’’

तालितानं होडी वळवली. नमुने दुसरीकडचे घेतले आणि संध्याकाळी कागदावर देलीची सही घेतली. घरी येताना देलीला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं होतं म्हणून सांगू! आईनं वरून पाहिलं असेल, असंही तिच्या मनात आलं.

चौदा महिन्यांनी अहवाल आला. त्याचा सोप्या भाषेतला सारांश कोळी संघाच्या शेडमध्ये ठेवला होता. संघाचा अध्यक्ष सेउ अदेरबाल चष्मा नाकावर ओढून मोठ्यानं वाचत होता आणि दहा-बारा जण ऐकत होते. हवा, आवाज, धूर, रस्त्यावरची वाहनं. देली अर्धवट ऐकत जाळ्याची गाठ सोडवत बसली होती.

‘‘यंत्रं थंड करून उरलेलं कोमट पाणी,’’ अदेरबाल वाचत होता, ‘‘काम्बुई खाडीच्या तोंडाशी सोडण्यात येईल. या ठिकाणी शिंपल्यांचं उत्पादन नगण्य असल्याचं स्थानिकांच्या मुलाखती व नमुन्यांवरून दिसून आलं आहे. परिणाम: अल्प. महत्त्व: कमी.’’

देलीच्या हातातलं जाळं खाली पडलं.

‘‘नकाशा आहे का त्यात?’’ तिनं विचारलं. नकाशा होता. खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या रांगेमागं, एक लाल ठिपका. अदेरबालनं बोट ठेवलं ते बरोबर आईच्या परसदारावर.

कोमट पाण्यात तिसरी कशी मरते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. कडक उन्हात डबक्यात अडकलेल्या तिसऱ्या तिनं हजारदा पाहिल्या होत्या. आधी तोंड उघडतात, मग मिटतच नाहीत. ती घरी आली आणि चार पायऱ्या चढताना तिला दोनदा थांबावं लागलं. जन्मभर जे लपवलं ते आपणच बोट धरून यांच्या ठिपक्याखाली नेऊन दिलं, हे तिला एकदम कळलं. कपाळ बडवावं तर कुणासमोर?

जनसुनावणी शनिवारी होती. तिची तयारी करायला तालिता गुरुवारी आली, तेव्हा देलीनं तिला शाळेच्या पडवीतच गाठलं.

‘‘काय गं, काय लिहिलंस तू? नगण्य?’’

‘‘तुम्ही सांगितलं तेच लिहिलं, दोना देली. एक्केचाळीस घरं फिरले. एक्केचाळीस घरांत एकच उत्तर.’’

‘‘मग तुला संशय नाही आला? एवढ्या कमी खाण्यावर एक्केचाळीस घरं जगतील कशी? आमची पोटं बघितली नाहीस?’’

‘‘मी विचारलं होतं ना!’’

‘‘असं विचारतात होय! शिकलेली ना तू? ज्याला त्याला शेजाऱ्याचं विचारायचं. शेजाऱ्याला किती मिळतं म्हणालीस की दुप्पट करून सांगितलं असतं प्रत्येकानं.’’

तालिताला हसू फुटलं आणि दुसऱ्याच क्षणी मावळलं. तिनं खालच्या आवाजात विचारलं, ‘‘त्या तिवरांमागं गाळ नाहीये, होय ना?’’

देलीनं मान हलवली. नाही.

‘‘ती सही तुमची आहे,’’ तालिता म्हणाली. ‘‘मी माझ्या वरिष्ठांना सांगेन, पण ते म्हणतील, बाईला आता भरपाई हवीय म्हणून बदलतेय. तोंडी बोलण्याला तिथं किंमत नाही. सुनावणीत बोला, तीन मिनिटं मिळतील. आणि काहीतरी पुरावा टेबलावर ठेवा. टेबलावर आलेली गोष्ट इतिवृत्तात लिहावीच लागते.’’

‘‘कसला पुरावा?’’

‘‘पावत्या, वजनाच्या चिठ्ठ्या, फोटो.’’

पुढचे दोन दिवस देली घरातच बसून होती. तिच्याकडं ना पावती, ना चिठ्ठी. पुरावा एकच होता आणि त्यावर ती दोन्ही वेळ चूल पेटवत होती. पण तो काढायचा म्हणजे राइल्दाच्या देखत काढायचा, आणि तिथंच पाय अडत होता.

राइल्दा तिची कोमाद्री. राइल्दाच्या थोरल्या पोराच्या बाप्तिस्म्याला देली धर्माची आई झाली, तेव्हापासून दोघी एकमेकींना नावानं नव्हे, ‘कोमाद्री’ म्हणूनच हाक मारत. एकवीस वर्षांपूर्वी पावसानं कहर केला होता. नदीचं गोडं पाणी इतकं आलं की खाडीतले सगळे शिंपले मेले, आणि सात महिने गाव कसाव्याच्या पिठावर जगलं. आईचं परसदार तेवढं वाचलं, समुद्राच्या अंगाला होतं म्हणून. त्या दिवसांत राइल्दा एकदा या स्वयंपाकघरात आली होती, दोन पोरं दाराबाहेर उभी करून. जमिनीवर फतकल मारून बसली आणि म्हणाली, ‘‘कोमाद्री, तुला खाडी ठाऊक आहे. कुठं काही उरलंय का गं? असेल तर सांग, नाहीतर झेनिवाल दक्षिणेला ऊसतोडीला जातोय.’’

देली म्हणाली होती, ‘‘कुठलं काय, कोमाद्री.’’

राइल्दा तिथंच बसून रडली. देलीनं तिला पसाभर पीठ दिलं. राइल्दाचा नवरा झेनिवाल गेला तो गेलाच. आधी पत्रं आली, मग दुसऱ्या बाईची बातमी आली, मग काहीच आलं नाही.

शनिवारी सकाळी शाळेचं पटांगण खुर्च्यांनी भरलं. कंपनीनं कॉफी आणि पाव ठेवले होते आणि गावानं दोन्हींना न्याय दिला. राज्याच्या पर्यावरण खात्याचे एक अधिकारी मधोमध बसले होते. उन्हानं घामेजलेले, पण माणूस सरळ वाटत होता. अहवाल करणाऱ्या संस्थेच्या इंजिनियरनं पडद्यावर चित्रं दाखवली. लोकांनी नोकऱ्यांबद्दल विचारलं, आवाजाबद्दल विचारलं. मग नाव पुकारलं: वाल्देलिसी. कोण ते क्षणभर कुणाला कळलंच नाही.

देली उठली. दुसऱ्या रांगेत राइल्दा बसली होती, पंख्यासारखा सारांश हलवत. तिनं कौतुकानं मान डोलावली, ‘बोल गं बाई.’ देलीनं तिच्याकडं पाहायचं टाळलं.

‘‘मी खोटं बोलले,’’ देली म्हणाली. ध्वनिक्षेपक किंचाळला, लोक हसले. ‘‘हसू नका. तुमच्या ठिपक्याखाली तिसऱ्या आहेत. खूप आहेत. मी या पोरीला तिथं जाऊ दिलं नाही.’’

इंजिनियर सौजन्यानं उठला. त्यानं पडद्यावर एक कागद आणला. ‘‘ही सही आपलीच ना, दोना?’’

‘‘माझीच.’’

‘‘मुलाखतीत आपण दोन किलो सांगितलेत.’’

‘‘सांगितले.’’

‘‘मग आज किती म्हणता?’’

हाच तो प्रश्न. देलीचा हात आपोआप कानामागं गेला, काडी जागेवर होती. आई, माफ कर, ती मनात म्हणाली.

‘‘एका उधाणाला चाळीस किलो. शिंपले सोडून. नुसतं मांस.’’

मागून कुणीतरी शिटी मारली. अदेरबालनं छातीवर क्रूस काढला. राइल्दाच्या हातातला कागद हलायचा थांबला.

‘‘याला काही आधार?’’ इंजिनियरनं विचारलं. ‘‘कुणीही उठून आकडा सांगेल.’’

‘‘आधार आहे,’’ देली अधिकाऱ्यांकडं वळली. ‘‘पण तो कागद नाही. आणायला वेळ लागेल.’’

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. ‘‘बारा वाजता सुनावणी बंद होईल. तोवर टेबलावर जे येईल ते मी नोंदवीन. मग ते काहीही असो.’’

सव्वाअकरा झाले होते. देली निघाली आणि तिच्यामागं अर्धं गाव निघालं. काहींना उत्सुकता होती, काहींना फुकटचा तमाशा हवा होता. तालिताही फळी छातीशी धरून धावत आली. घरी देलीनं परसातली कुदळ घेतली, स्वयंपाकघरात चुलीपुढं उभी राहिली आणि पहिला घाव घातला. सिमेंट फुटेना. दुसरा, तिसरा. बासष्ट वर्षांचे दंड भरून आले. दारात माणसांची भिंत उभी होती, पण पुढं कुणी येईना. स्वतःच्या घराची जमीन फोडणाऱ्या बाईला हात लावायचा कसा? पाचव्या घावाला थर तडकला आणि खालून पांढरं दिसलं.

शिंपले. ती खणत गेली तसे वितीवर शिंपले, हातावर शिंपले, मध्ये सिमेंटचा जुना थर, त्याखाली पुन्हा शिंपले. तालिता गुडघ्यांवर बसली आणि एकेका थराला मोजपट्टी लावू लागली. ‘‘अख्ख्या घराखाली असंच आहे?’’

‘‘चारही खोल्यांखाली. खालचे आईचे, वरचे माझे.’’

‘‘आणि आम्ही म्हणत होतो पुराची धास्ती!’’ कुणीतरी पुटपुटलं. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

दारातली माणसं बाजूला झाली. राइल्दा उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली. ती खड्ड्याकडं बघत होती.

‘‘त्या पावसाच्या वर्षाचे कुठले?’’ तिनं विचारलं.

देलीला खोटं बोलता आलं असतं. थरावर काही साल लिहिलेलं नव्हतं. तिनं कुदळीच्या टोकानं वरून सातवा की आठवा थर दाखवला. जाड थर होता तो. त्या सात महिन्यांत बाजारात दुसऱ्या कुणाकडंच माल नव्हता.

‘‘मी यावरच बसले होते,’’ राइल्दा म्हणाली. ‘‘यावरच बसून रडले होते मी, कोमाद्री.’’

लाज म्हणतात ती कशी टाळूपासून तळव्यापर्यंत जाळत उतरते, हे तिला त्या दिवशी कळलं. राइल्दा वळली आणि पायऱ्या उतरून निघून गेली. तिला हाक मारायची देलीची छाती झाली नाही. तिनं घंगाळ ओढलं आणि शिंपले भरायला घेतले, कारण घड्याळ थांबणार नव्हतं.

बाराला चार मिनिटं कमी असताना घंगाळ टेबलावर आदळलं. कागद उडाले, अधिकाऱ्यांची कॉफी लवंडली. तालितानं इंजिनियरकडं न पाहता थरांची मापं वाचून दाखवली आणि शेवटी स्पष्ट म्हणाली, ‘‘माझे नमुने चुकीच्या जागेचे आहेत. तो भाग पुन्हा तपासावा लागेल.’’ तिच्या नोकरीचं काय होणार हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मग शेवटच्या रांगेतून खोकल्याचा आवाज आला. सेउ अदेरबाल उभा राहिला. ‘‘साहेब, माझ्याही आकड्यात जरा चूक आहे.’’

‘‘केवढी?’’

‘‘एक शून्य खाल्लं होतं मी.’’

त्यानंतर सतरा जण उठले. काहींनी शून्यं परत केली, काहींनी जागा सांगितल्या, आणि सांगताना शेजाऱ्याकडं असं बघितलं की जणू दात उपटून देताहेत. अधिकारी लिहीत राहिले. सुनावणी दीड वाजता बंद झाली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. कोमट पाणी खाडीच्या तोंडाशी सोडायला मंजुरी नाही. नळ खुल्या समुद्रात नेण्याचा पर्याय तपासावा. शिंपल्यांची मोजणी उधाणाच्या ओहोटीला, जागेवर, वजनकाट्यानं नव्यानं व्हावी. प्रकल्प होईल की नाही, याबद्दल पत्रात अक्षर नव्हतं. पण लाल ठिपका तिथून हलला. देलीनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि ते खड्ड्याशेजारी चुलीवर ठेवलं. खड्डा तिनं बुजवला नव्हता.

राइल्दा त्या दिवसापासून तिच्या दारात आली नव्हती. देली तिच्या घरी दोनदा गेली. दोन्ही वेळा दार आतून बंद होतं आणि आत भांड्यांचा आवाज होता.

पुढच्या उधाणाला देली सकाळी सरळ वाटेनं गेली. आता भटकण्यात अर्थ नव्हता. आईचं परसदार पाण्याबाहेर आलं होतं आणि त्यावर पंधरा-वीस बायका वाकून उकरत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच तिला तिथं माणसांचे आवाज ऐकू आले. सगळ्यांपासून दूर, कडेला, राइल्दा होती. अंगठ्यानं चाचपत होती, पण इथला दाट भाग तिला अजून सापडत नव्हता. तरी शेजारी टोपली होती, काठोकाठ भरलेली.

देली तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. जन्माची सवय जाता जाईना, म्हणून ‘किती’ तेवढं टाळून तिनं विचारलं:

‘‘मिळालं का काही, कोमाद्री?’’

राइल्दा उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिनं टोपलीकडं पाहिलं, मग देलीकडं. तिनं आवाज खाली घेतला नाही, कानामागंही हात नेला नाही.

‘‘एक टोपली,’’ ती म्हणाली. ‘‘त्या वर्षी एवढी पुरली असती.’’

आणि ती पुन्हा वाकून उकरू लागली. देली तिच्याशेजारी चिखलात उभी राहिली, सतापाची काडी कानामागून काढून पाण्यात टाकली आणि पायानं चाचपून जिथं तिसऱ्या सर्वांत दाट होत्या ती जागा राइल्दाला दाखवली. राइल्दा त्या जागेवर सरकली.